मॅडम, एलओआर मिळेल का? : शिफारसपत्र मागायची रीत

सप्टेंबर उजाडला की माझ्या व्हॉट्सअॅपवर एक ठरावीक निरोप येऊ लागतो. ‘गुड मॉर्निंग मॅम, एलओआर हवं होतं. अर्जंट आहे.’ नाव नाही, बॅच नाही, कुठल्या देशासाठी हवंय तेही नाही. डीपीत समुद्रकिनारा आणि त्याकडे तोंड करून उभी असलेली एक पाठमोरी आकृती. मी सतरा वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात ई अँड टीसीला (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) शिकवतेय. दर वर्षी साठ-सत्तर पोरांचे दोन वर्ग हाताखालून जातात. तोंडं लक्षात राहतात, पाठीवरून ओळखायला मात्र मला अजून जमलेलं नाही.

तर एमएससाठी, पीएचडीसाठी किंवा एखाद्या फेलोशिपसाठी पहिल्यांदाच शिक्षकांकडे शिफारसपत्र (लेटर ऑफ रेकमेंडेशन, म्हणजेच एलओआर) मागायला निघालेल्यांसाठी हे लिहितेय. टेबलाच्या पलीकडून, म्हणजे ज्या बाजूला पत्र लिहिलं जातं तिथून.

आधी हे कळू द्या की हा वशिला नाही

आपल्याकडे ‘शिफारस’ म्हटलं की साहेबांची चिठ्ठी आठवते. ‘माझं नाव सांग, काम होईल’ ही तिची तऱ्हा. त्यामुळे मुलांना वाटतं, सही जितक्या मोठ्या खुर्चीची तितकं पत्र वजनदार. काही मुलं उलट्या टोकाला जातात. त्यांना हे पत्र बोनाफाईडसारखं वाटतं. ऑफिसात अर्ज टाकायचा, पावती फाडायची आणि दुपारी चारनंतर खिडकीवरून कागद उचलायचा.

एलओआर या दोन्हींत बसत नाही. ती साक्ष आहे. परदेशातल्या विद्यापीठात तुमची फाइल वाचणारा प्राध्यापक विचारतो ते एवढंच, की या मुलाला काम करताना कुणी पाहिलंय का, आणि काय पाहिलं? मार्क त्याला मार्कशीटवर दिसतात, तुमची स्वप्नं तुमच्या एसओपीत (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे काय आणि का शिकायचंय हे सांगणारा अर्जातला तुमचा निबंध) दिसतात. तुम्ही अडलात तेव्हा काय केलंत, हे मात्र बघणाऱ्यालाच सांगता येतं. हे एकदा डोक्यात बसलं की कोणाकडे जायचं, काय घेऊन जायचं आणि काय करायचं नाही, हे बरंचसं आपोआप सुटतं.

किती पत्रं आणि कोणाची

अमेरिकेतले बहुतेक एमएस आणि पीएचडी कोर्स तीन पत्रं मागतात, काही दोनवर भागवतात. ब्रिटनमध्ये मास्टर्सला सहसा दोन रेफरन्स लागतात. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीलाही दोनच. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांचं कोर्सागणिक वेगळं असतं. कित्येक ठिकाणी पत्र लागतच नाही, काही ठिकाणी एक किंवा दोन लागतात. म्हणून सीनियरने सांगितलं यावर न जाता त्या त्या कोर्सचं पान स्वतः वाचा. पीएचडी असेल तर तिन्ही साक्षीदार शक्यतो तुमचं संशोधनाचं किंवा प्रोजेक्टचं काम पाहिलेले हवेत.

आता माणसं निवडायची. मुलं पहिली धाव प्राचार्यांच्या केबिनकडे घेतात. प्राचार्यांनी तुम्हाला कुठे पाहिलंय? गॅदरिंगला बक्षीस देताना, फार तर. ते लिहून लिहून काय लिहिणार? ‘हा आमच्या संस्थेचा विद्यार्थी असून त्याची वर्तणूक चांगली आहे.’ हा दाखला झाला. त्यापेक्षा तुमच्या बीई प्रोजेक्टची गाइड असलेली, कॉन्ट्रॅक्टवरची, तीन वर्षांपूर्वी रुजू झालेली असिस्टंट प्रोफेसर शंभर पटींनी बरी. दर शुक्रवारी तुमचा रिव्ह्यू तिने घेतलेला असतो आणि तुमचं सर्किट डेमोच्या आदल्या रात्री जळलं, हे तिला माहीत असतं.

एक उदाहरण सांगते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला एक मुलगा होता. इंग्रजी अडखळत, मार्क मध्यम, वर्गात मागच्या बाकावर. त्याच्या गटाचं प्रोजेक्ट मातीतला ओलावा मोजून पंप चालू-बंद करण्याचं. दर वर्षी चार गट हेच करतात. बाजारातून दोन दांड्यांचा तो स्वस्त सेन्सर आणतात, पंप फिरवून दाखवतात आणि सुटतात. याने लॅबच्या बाहेर दोन कुंड्या ठेवल्या. आठवडाभरात एका कुंडीचं रीडिंग भलतंच येऊ लागलं. बाकीचे म्हणाले, सेन्सर बदलू. हा कुंडी उकरून बसला. दांड्यांवरचा पत्रा खाल्लेला होता. सेन्सरला सतत करंट देत राहिलं की ओल्या मातीत दांड्या झिजतात, हे त्याने स्वतः शोधून काढलं. मग प्रोग्राम बदलून रीडिंग घेण्यापुरताच करंट द्यायचा असं ठरवलं आणि पुढे अकरा दिवस दोन्ही कुंड्यांचे आकडे वहीत लिहिले. चुकलेले आकडेसुद्धा खोडले नव्हते. शेजारी पेन्सिलने ‘दांडी गंजली’ असं लिहिलं होतं.

त्याचं पत्र लिहायला मला चाळीस मिनिटं लागली. त्याच महिन्यात वर्गात दुसऱ्या आलेल्या एका मुलीचं पत्र लिहायला तीन दिवस गेले, कारण तिची उत्तरपत्रिका मला आठवत होती, ती आठवत नव्हती. चूक तिचीही नव्हती. ती माझ्याकडे यायलाच नको होती; तिची इंटर्नशिप जिथे झाली तिथल्या टीम लीडला विचारायला हवं होतं.

तीन पत्रांचा मेळ साधारण असा जमतो: एक प्रोजेक्ट गाइड, एक असा शिक्षक ज्याने तुम्हाला निदान दोन विषय किंवा एक विषय आणि त्याचं लॅब असं शिकवलंय, आणि तिसरं पत्र इंटर्नशिपच्या किंवा नोकरीतल्या वरिष्ठांचं. नोकरीत दोन-तीन वर्षं काढली असतील तर वरिष्ठांचं पत्र हवंच, पण तिन्ही कंपनीतली नकोत. विद्यापीठाला अभ्यासातला माणूसही बघायचा असतो. काका, शेजारचे डॉक्टर आणि क्लासचे मालक यांना यात आणू नका.

अजून तिसऱ्या वर्षाला असाल तर तुमच्याकडे एक मोठी सोय आहे: साक्षीदार अजून तयार करता येतो. प्रॅक्टिकल संपलं की जर्नलवर सही घेऊन पळण्याऐवजी एखादी शंका विचारा. विज्ञान शाखेवाल्यांनी आणि इंजिनिअरिंगवाल्यांनीही देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून देतात ती उन्हाळी संशोधन फेलोशिप बघावी. त्यात दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करायला मिळतं. त्या अर्जालाही एका शिक्षकाचं पत्र लागतं, म्हणजे मागण्याची तालीम होते. आणि निवड झाली तर पुढच्या मोठ्या अर्जासाठी एक पक्का साक्षीदार हाताशी येतो.

बारावीनंतरच परदेशी निघालेल्यांची गोष्ट वेगळी. ‘इंटिग्रेटेड’ क्लास लावून ज्युनिअर कॉलेजात फक्त परीक्षेला गेलेल्या मुलाला कॉलेजात ओळखणारा कुणी नसतो, आणि अमेरिकेतली बरीच विद्यापीठं अकरावी-बारावीच्या विषयशिक्षकाचंच पत्र मागतात. असा बेत असेल तर अकरावीपासून वर्गात बसा, दुसरा इलाज नाही.

कधी विचारायचं

गणपती उठले की.

मी गंमत करत नाहीय. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या फॉल सत्रासाठी अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या तारखा १ डिसेंबर, १५ डिसेंबर किंवा जानेवारीचा पहिला पंधरवडा अशा असतात. नेमकं त्याच वेळी आमच्याकडे काय चालू असतं ते बघा. दिवाळीची सुट्टी, सबमिशन, ओरल, एंड-सेम परीक्षा, मग पेपर तपासायला कॅप सेंटरवर ड्यूटी. त्यात कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची किंवा एनबीएची भेट लागली असेल तर सगळा स्टाफ रात्री आठपर्यंत फाइली लावत बसलेला. नोव्हेंबरच्या वीस तारखेला दारात उभं राहून ‘मॅडम, परवा शेवटची तारीख आहे’ म्हणणाऱ्याला मी नाही म्हणत नाही, पण त्याला जे पत्र मिळतं ते परवाच्या तारखेला शोभेल असंच असतं.

सप्टेंबरमध्ये विचारा, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सगळी कागदपत्रं द्या. पहिल्या तारखेच्या आधी सहा आठवडे मिळाले तर उत्तम. तीन आठवडे ही अगदी खालची मर्यादा.

कसं विचारायचं

कॉलेजात असाल तर प्रत्यक्ष भेटा. पण दोन लेक्चरच्या मधल्या दहा मिनिटांत नको, चालू प्रॅक्टिकलच्या दारातून डोकावून तर नकोच. आदल्या दिवशी ‘उद्या दहा मिनिटं मिळतील का’ एवढं विचारून या. पास होऊन गेला असाल, बंगळुरूला नोकरी करत असाल, तर आधी ईमेल, मग त्यांनी सांगितलेल्या वेळी फोन. व्हॉट्सअॅप नंतर, आठवण करण्यापुरतं.

ईमेल इंग्रजीतच लिहिली पाहिजे असं काही नाही. माझे निम्मे विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले आहेत. ते मराठीत लिहितात तेव्हा मुद्द्याचं लिहितात. साधारण अशी:

‘विषय: एमएससाठी शिफारसपत्राची विनंती (नाव, बीई ई अँड टीसी, २०२३ बॅच)

आदरणीय मॅडम,

मी २०२३ साली पास झालो. तिसऱ्या वर्षी एम्बेडेड सिस्टिम्स हा विषय आणि त्याचं लॅब तुम्ही आम्हाला शिकवलं. मी बी डिव्हिजनला होतो, रोल नंबर ४१. लॅबमध्ये लिफ्ट कंट्रोलरचा प्रयोग आमच्या बॅचने तीन वेळा चुकवला होता आणि तुम्ही आम्हाला शनिवारी परत बोलावलं होतं, ते कदाचित आठवत असेल.

सध्या मी पुण्यात एका कंपनीत फर्मवेअरचं काम करतो. पुढच्या फॉल सत्रासाठी सहा विद्यापीठांत एमएसचा अर्ज करणार आहे. पहिली तारीख १ डिसेंबर आहे. माझ्या कामाबद्दल तपशिलाने आणि चांगलं लिहिता येईल इतकं तुम्ही मला ओळखता, असं तुम्हाला वाटतं का? वाटत असेल तर तुमचं पत्र मिळावं अशी विनंती आहे. वेळ नसेल किंवा दुसऱ्या कुणी लिहिणं जास्त योग्य वाटत असेल, तरी मोकळेपणाने सांगा.

होकार असेल तर मार्कशीट, एसओपीचा मसुदा आणि तारखांची यादी लगेच पाठवतो.’

यात रोल नंबर आहे, फोटो जोडला तर आणखी बरं. ‘तुमचा लाडका विद्यार्थी’ नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं ते ‘तपशिलाने आणि चांगलं लिहिता येईल इतकं ओळखता का’ हे वाक्य. ते तुमच्यासाठी आहे, आमच्यासाठी नाही. आपल्याकडे शिक्षक तोंडावर नाही म्हणत नाहीत. ‘बघू’, ‘परीक्षा होऊ दे’, ‘एचओडींना विचारून सांगते’ असं म्हणतात. हे शब्द दोनदा ऐकू आले तर तो नकार समजा आणि रुसवा न धरता दुसऱ्या दाराला जा. कोरडं, चार ओळींचं पत्र नकारापेक्षा वाईट, कारण ते तुमच्या पाठीमागे जातं आणि तुम्हाला कळतही नाही.

होकार मिळाला. आता हातात काय द्यायचं

मार्कशीट, सीव्ही, एसओपीचा कच्चा मसुदा ही तिन्ही एका फोल्डरमध्ये, फाइलच्या नावात तुमचं नाव घालून. ‘फायनल फायनल २’ नावाच्या पीडीएफ माझ्याकडे किमान तीस जणांच्या पडलेल्या आहेत. त्यासोबत विद्यापीठांची यादी: कोर्सचं पूर्ण नाव, शेवटची तारीख, पत्र पोर्टलवर टाकायचं की ईमेलने पाठवायचं. तारखेप्रमाणे लावलेली.

आणि एक पानाचा आठवणींचा कागद. हाच खरा माल. माझ्या विषयात, माझ्यासमोर तुम्ही काय केलंत, त्याच्या चार-पाच नोंदी. बहुतेक मुलं इथे घसरतात. ‘मी मेहनती आहे, टीममध्ये काम करायला आवडतं, नेतृत्वगुण आहेत’ असं लिहून आणतात. ही विशेषणं मला काय करायचीत? अशी विशेषणं पत्र वाचणाऱ्याने त्या दिवशी आणखी वीस फाइलींत वाचलेली असतात. त्याऐवजी असं लिहा:

‘सहाव्या सेमला मिनी प्रोजेक्टमध्ये आमचा डिस्प्ले चालत नव्हता. मी डेटाशीट वाचून टायमिंगची चूक शोधली. तुम्ही ती पुढच्या लेक्चरला सगळ्या वर्गाला दाखवली होती.’

‘ओरलला तुम्ही इंटरप्टबद्दल विचारलेलं मला आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी प्रोग्राम लिहून आणून दाखवला.’

दुसरी नोंद बघा, ती अपयशाची आहे. तीच माझ्या सगळ्यात उपयोगी पडते. वाचताक्षणी तो दिवस उभा राहतो, आणि मग मी जे लिहिते ते माझं असतं, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं.

तुमच्या निकालात एखादा खड्डा असेल, एखाद्या सेमला केटी लागली असेल आणि त्याला कारण असेल, तर तेही सांगा. घरचं आजारपण असो की आणखी काही. मी लिहावं की नाही हे आपण बोलून ठरवू. शिक्षकाने सांगितलेलं कारण सबबीसारखं वाटत नाही.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’

हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणार. सरसकट सगळे म्हणत नाहीत, पण म्हणणारे कमी नाहीत, आणि त्यात नेहमीच आळस असतो असंही नाही. आठवड्याला अठरा तास शिकवून वर अॅडमिशनचं, परीक्षेचं काम करणाऱ्या माणसाला इंग्रजीत दीड पान लिहायचा कंटाळा येतो हे मी समजू शकते. पण ते करू नका. साक्षीदाराची जबानी आरोपीनेच लिहून द्यावी, तसं आहे हे. परदेशी विद्यापीठांच्या दृष्टीने पत्र देणाऱ्याने स्वतः लिहिलेलं असणं हीच मूळ अट आहे, आणि ती मोडली असं उघड झालं तर मिळालेला प्रवेश जाऊ शकतो.

नीतीची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली तरी व्यवहारात ते अंगाशी येतं. तिन्ही पत्रं एकाच मुलाने लिहिली की तिन्हींत तोच सूर लागतो, त्याच चुका होतात, आणि तिन्ही ‘आय टेक इमेन्स प्लेझर’ने सुरू होतात. इंटरनेटवरचा नमुना उचलला तर तो उचलणारे तुम्ही पहिले नसता. आता एआयकडून लिहून घेतलेली पत्रंही येऊ लागलीत. गुळगुळीत, एकही खडा नसलेली.

मग सरांना काय सांगायचं? ‘सर, मुद्दे काढून आणलेत, प्रोजेक्टचा रिपोर्टही आणलाय. तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा पंधरा मिनिटं बसू, तुम्ही विचारा, मी आठवून सांगतो.’ बरेच जण एवढ्यावर तयार होतात. कागद कोरा असण्याचीच त्यांना अडचण असते. त्यावरही ‘नाही, तूच आण’ असंच म्हणाले, तर नमस्कार करून दुसरा साक्षीदार शोधा.

याहून वाईट एक प्रकार आहे तो सांगून टाकते. काही एजंट शिक्षकाच्या नावाने जीमेल खातं उघडतात आणि पत्र स्वतःच टाकतात. एकदा माझ्या नावाचं असं खातं निघालं. विद्यापीठाने खात्री करायला कॉलेजच्या पत्त्यावर ईमेल केली तेव्हा मला कळलं. त्या मुलाला मी ओळखत होते, मागितलं असतं तर पत्र दिलंही असतं. तो बिचारा एजंटला पैसे भरून मोकळा झाला होता.

पोर्टलची भानगड

बहुतेक ठिकाणी आता कागदी पत्र लागत नाही. तुम्ही अर्जात आमचं नाव, हुद्दा, ईमेल आणि फोन भरता, तिथून आम्हाला एक लिंक येते, आम्ही ती उघडून फॉर्म भरतो आणि पत्राची पीडीएफ चढवतो. ऐकायला सोपं आहे. अडतं ते इथे:

ईमेल कॉलेजची द्या, म्हणजे शेवटी एसी डॉट इन किंवा ईडीयू डॉट इन असलेली. जीमेल दिली तर काही विद्यापीठं शंका घेतात, काही पोर्टल ती स्वीकारतच नाहीत. कॉलेजने ईमेल दिलेलीच नसेल, किंवा सरांनी ती दोन वर्षं उघडलेली नसेल, तर आधी विचारून घ्या. सर कॉलेज सोडून दुसरीकडे गेले असतील तर आत्ताच्या कॉलेजची ईमेल चालते. तुम्हाला पूर्वी कुठे शिकवलं ते पत्रात लिहिलं जातं. आणि स्पेलिंग दोनदा तपासा. माझ्या आडनावात एक ‘ए’ जास्त टाकून दोन महिने वाट बघत बसलेले महाभाग आहेत.

काही पोर्टलवर नाव सेव्ह करताच लिंक सुटते, काहींवर तुम्ही अर्ज पूर्ण भरून सबमिट केल्यावरच. म्हणून फी भरायला शेवटचा दिवस धरून बसू नका. आमच्यापर्यंत लिंक पोचायलाच उशीर होतो. लिंक पाठवलीत की आम्हाला सांगा, म्हणजे आम्ही स्पॅममध्ये शोधतो. ती तिथेच असते.

फॉर्ममध्ये एक तक्ता असतो: हा विद्यार्थी तुमच्या पाहण्यातल्या पहिल्या पाच टक्क्यांत बसतो, दहात की पंचवीसात? बुद्धी, चिकाटी, लिहिण्याची हातोटी, प्रत्येकाला वेगळी खूण. हे दर विद्यापीठागणिक पुन्हा भरायचं. पत्र एकच असलं तरी सहा विद्यापीठं म्हणजे सहा फॉर्म, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं. म्हणून यादी सहा-आठवर आणून मगच आमची नावं टाका. ‘सहज टाकून बघितलं’ अशी चौदा ठिकाणं आमच्या माथी मारू नका.

तुमच्या बाजूला एक प्रश्न येईल: हे पत्र वाचण्याचा हक्क तुम्ही सोडता का? अमेरिकेत १९७४चा फेर्पा नावाचा कायदा आहे. त्याखाली तिथे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या नोंदी बघता येतात, त्यात ही पत्रंही येतात. मुलं घाबरून ‘हक्क सोडत नाही’वर खूण करतात. सोडा. हक्क राखून ठेवला की वाचणाऱ्याला वाटतं, शिक्षकाने हात राखून लिहिलं असणार. आणि एकदा हक्क सोडला की ‘मॅडम, एक कॉपी मलाही पाठवा ना’ असं म्हणू नका.

जिथे अजून कागदी पत्र मागतात तिथे कॉलेजचं लेटरहेड, तारीख, सही, शिक्का हवा. बंद पाकीट मागितलं असेल तर चिकटवलेल्या जोडावर सही आणि शिक्का घेतात. ते घरी जाऊन उघडलंत तर पाकीट बाद. काही कॉलेजांत लेटरहेड एचओडींच्या परवानगीशिवाय मिळत नाही, काही ठिकाणी जावक क्रमांक घालावा लागतो. या धावपळीचा एक दिवस धरून चाला, आणि ऑफिसातल्या क्लार्कशी गोड बोला. जावक रजिस्टर त्यांच्या टेबलावर असतं.

आठवण करून देताना

शेवटच्या तारखेच्या दोन आठवडे आधी एकदा, चार दिवस आधी एकदा. पोर्टलवर पत्र पोचलं की नाही हे तुम्हाला दिसतं. दिसत असेल तर फोन करून ‘मॅडम, टाकलं का?’ विचारू नका. निरोपात तारीख, विद्यापीठ आणि लिंक कोणत्या दिवशी आली ते लिहा, म्हणजे मला माझ्या ईमेलमध्ये खोदकाम करावं लागत नाही.

तारीख सांगताना भारतीय वेळ सांगा. १५ डिसेंबरची रात्री ११:५९ ही वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची असेल तर आपल्याकडे १६ तारखेचे सकाळचे १०:२९ वाजलेले असतात. पश्चिम किनाऱ्याची असेल तर दुपारचे १:२९. हे गणित एकदा माझ्या उपयोगी पडलंय. सकाळी साडेनऊला, कॅप सेंटरच्या पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून मी एक पत्र चढवलं आणि ते वेळेत धरलं गेलं. बऱ्याच ठिकाणी अर्जाची तारीख उलटल्यावरही पत्राला थोडे दिवस थांबतात, पण त्या भरवशावर राहू नका.

नंतर

पत्र गेल्यावर दोन ओळींचं आभाराचं लिहा. पत्राच्या आधी भेटवस्तू आणू नका. एकाने घड्याळाचा डबा टेबलावर ठेवला होता. मी तो परत दिला आणि दोघांनाही दिवसभर अवघडल्यासारखं झालं.

निकाल मात्र जरूर कळवा, प्रवेश मिळाला तरी आणि नाही मिळाला तरी. मार्चपासून उत्तरं यायला लागतात. फंडिंगसह ऑफर असेल तर अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत कळवायची मुभा असते, तेव्हा कुठली घ्यावी हे विचारायलाही या. कुंड्यांवाल्या मुलाला पाचपैकी तीन ठिकाणांहून नकार आला होता, ते तिन्ही त्याने मला त्या त्या दिवशी कळवले. त्यामुळे चौथ्याचा होकार आला तेव्हा त्याच्याइतकीच मीही वाट बघत होते.

तो पेढे घेऊन आला तेव्हा फक्त माझ्यासाठी पाव किलो आणले होते. आमच्या स्टाफरूममध्ये बावीस जण बसतात. हिशेब करून आणा, आणि शिपाई मामांना शुगर आहे, त्यांच्यासाठी वेगळा चिवडा.